मनगट मोडल्यावर दिसलेलं इंदूर: तुमच्या घरातलं गाडी न चालवणारं माणूस कसं फिरतं?

राजेंद्रनगरकरीण

नमस्कार मंडळी. महिनाभरापूर्वी अंगणात सडा घालताना पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, स्कूटर बंद. नोकरी विजयनगरला. घरच्यांनी रोज सोडायचं म्हटलं तर त्यांची कामं राहतात, आणि रोज रिक्षा केली तर पगार कशाला घ्यायचा? म्हणून बावीस वर्षांनी बसने फिरायला लागले.

पहिल्या दिवशी एक शोध लागला. राजीव गांधी चौराह्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांत माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं, आणि त्या म्हणजे आमच्या शेजारच्या घरी पोळ्या करणाऱ्या मावशी. गेली कित्येक वर्षं त्या याच वेळेला इथेच उभ्या राहतात. मी रोज त्यांच्यासमोरून स्कूटर नेत होते आणि त्या मला दिसल्या नव्हत्या.

बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली वाट, होती तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, आयबसला स्वतःची मार्गिका होती. २०१३ साली सुरू झाली. २७ फेब्रुवारी २०२५ ला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती काढायला हरकत नाही म्हटलं आणि दुसऱ्याच रात्री जीपीओजवळ रेलिंग कापायला सुरुवात झाली. स्कूटरवर होते तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू! आता त्याच रस्त्यावर बसच्या आत उभी असते आणि पुढच्या गाड्यांच्या दिव्यांकडे बघत बसते.

आमच्या भागातली काही मंडळी शहराच्या पुढच्या वाहतूक आराखड्यासाठी सूचना गोळा करताहेत. त्यांनी मला एक पान लिहून मागितलंय. प्रदूषण, इलेक्ट्रिक, मेट्रो हे सगळं त्यांच्याकडे आधीच आहे. मला तुमच्याकडून एवढंच हवंय: तुमच्या घरात गाडी न चालवणारं कोण आहे, आणि ते माणूस कुठे जायचं असलं की काय करतं?

महूकर_अपडाउन

मी स्वतःच. महू ते इंदूर, नोकरीचं सतरावं वर्ष. पास काढून रेल्वेने. तुम्ही राजेंद्रनगरला राहता आणि स्टेशन घराशेजारी आहे हे विसरलात का हो ताई? सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ... अर्धं मराठी इंदूर या रुळाच्या दोन्ही अंगांना वसलंय.

राजेंद्रनगरकरीण

@महूकर, विसरले नाही. पण मला जायचंय विजयनगरला, आणि तुमची गाडी मुख्य स्टेशनात नेऊन सोडते. शिवाय एक गाडी चुकली की पुढची कधी?

महूकर_अपडाउन

हाच तर मुद्दा आहे. रूळ आहेत, फलाट आहेत, मीटरगेज जाऊन ब्रॉडगेजही झालं. नाहीत त्या गाड्या. दिवसाला मोजक्या. सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटांनी लोकल सोडली तर राऊपासूनची निम्मी गर्दी रस्त्यावर येणारच नाही. इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रजांना या रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्क्यांनी. दीडशे वर्षांपूर्वी राजाने पैसे घातले आणि आम्ही अजून डब्याच्या दारात लटकतो.

एबी_रोडचा_रहिवासी

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. माझं घर गीताभवनच्या अलीकडे. बारा वर्षं बीआरटीएस दारासमोर होती. मध्ये बस मोकळी धावायची आणि दोन्ही बाजूंना आम्ही उरलेल्या रस्त्यात एकमेकांना घासत जायचो. ॲम्ब्युलन्सला वाट नाही. म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडायला भीती, कारण मधल्या मार्गिकेत बस वेगाने येते. सुरुवातीला काही काळ कोर्टाच्या आदेशाने त्या मार्गिकेत चारचाक्याही सोडल्या होत्या, तेव्हा तर धड ना इकडचं ना तिकडचं. काढली ते ठीकच झालं. भोपाळमध्येही काढली, दिल्लीत तर त्याच्याही आधी.

बसमधली माणसं गरीब आणि गाडीतली श्रीमंत, असं सरळ नसतं. माझ्याकडे गाडी आहे, कारण आईला डायलिसिसला न्यावं लागतं.

राजेंद्रनगरकरीण

राग कशाला मानू, डायलिसिसचं अगदी पटलं. रस्ता ओलांडण्याचंही. जिथे फलाट मध्ये आणि फुटपाथ कडेला, तिथे प्रत्येक प्रवाशाला दिवसातून दोनदा अर्धा रस्ता ओलांडावाच लागणार. त्यासाठी नीट सिग्नल हवा होता, तो सगळीकडे नव्हता.

पण रुंदीचा हिशोब करून बघा. बस भरली की साठ माणसं. तीच माणसं कारमध्ये घाला, एका कारमध्ये सरासरी दीड धरा, झाल्या चाळीस कार. चाळीस कार एकामागे एक उभ्या केल्या तर गीताभवनपासून पलासियाच्या दिशेने कुठवर रांग जाईल, ते तुम्ही रोज खिडकीतून बघताच. मार्गिका रिकामी दिसायची, कारण बस जाऊन गेलेली असायची. रिकामी दिसणं आणि वाया जाणं यांत फरक आहे. वर्तमानपत्रांत आयबसचे रोजचे पन्नास-साठ हजार प्रवासी वाचलेत आपण. ती माणसं कुठे गेली? काही बसमध्येच आहेत, माझ्यासारखी, दिवे बघत. उरलेल्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतल्या असणार, आणि त्या आता तुमच्या दारासमोरच आहेत.

नातवाची_आजी

मी फार लिहीत नाही. नातवाने टाइप करून दिलंय. वय ७६. रामबागेत राहते. बीआरटीएसचं मला एकच आवडायचं: फलाट आणि बस एका पातळीत, सरळ चालत आत. पायरी नाही, कंडक्टरचा हात नाही. आता कडेच्या थांब्यावरून चढते तेव्हा गुडघा विचारतो, "जायलाच हवंय का?" बहुतेक वेळा म्हणते, नको.

ई-रिक्षा मला बरी वाटते, खाली असते. पण राजवाड्यापाशी इतक्या झाल्यात की त्यांच्यामधून चालताच येत नाही.

बसचा_हिशोब

बरीच वर्षं या क्षेत्रात काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो. चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, बस किती हव्यात. केंद्राच्या शहरी वाहतुकीच्या मानकांत उत्तम श्रेणीसाठी हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला ६० असा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूर २० लाखांच्या आसपास. त्या जुन्या लोकसंख्येलाही १२०० बस लागतात, आणि शहर त्यानंतर कुठवर पसरलंय ते बायपासला जाऊन बघा. थांब्यावर अर्धा तास का उभं राहावं लागतं, याचं पहिलं उत्तर हे.

दुसरी गोष्ट, पैसे कसे फिरतात. याच्याकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. मध्य प्रदेशात राज्य परिवहन २००५ मध्ये गुंडाळलं गेलं. त्याच डिसेंबरात इंदूरने सिटी बसची स्वतःची कंपनी काढली, आणि २००६ पासून खासगी मालकांच्या बस तिच्या नावाखाली धावू लागल्या. मालकाने बस आणायची, मार्गासाठी कंपनीला रक्कम द्यायची, तिकिटातून कमवायचं. त्या वेळी देशभरातून लोक हे बघायला यायचे, कारण सरकारी तिजोरीवर भार जवळपास नव्हता. पण मालकाचं पोट तिकिटावर असलं की तो काय करणार? गर्दीच्या थांब्यावर बस रेंगाळणार, कारण चार माणसं अजून येतील. रात्री नऊनंतर बस आत घालणार, कारण डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. आणि वस्ती विरळ असलेल्या मार्गावर जाणारच नाही. यात मालक दुष्ट नाही, हिशोबच तसा मांडलाय.

दुसरी पद्धत म्हणजे धावलेल्या किलोमीटरला पैसे. तिकीट कंपनीच्या खिशात, मालकाला ठरलेला दर. बस रिकामी असली तरी वेळेवर धावते, आणि न धावल्यास दंड. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा याच पायावर आहे: देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस आणि दहा वर्षं दर किलोमीटरमागे केंद्राची मदत. इंदूरच्या वाट्याला १५० मंजूर आहेत. मात्र किलोमीटरचे पैसे दर महिन्याला कुठून तरी द्यावे लागतात. महापालिका पूल बांधते तेव्हा "पुलाला तोटा झाला" असं कोणी म्हणत नाही. बस चालवली की पहिला प्रश्न, तोटा किती?

म्हणून ताईंच्या पानावर "बस वाढवा" लिहू नका. ते सगळेच लिहितात. "कुठल्या मार्गावर किती मिनिटांनी, आणि रात्री कितीपर्यंत" हे लिहा आणि त्याचे किलोमीटर मोजून द्या. मग अधिकाऱ्याला टोलवता येत नाही.

पुणेकर_सध्या_इंदुरात

आमच्याकडे पुण्यात २००६ मध्येच कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी केली होती, देशात पहिल्यांदा. त्यामुळे फसते कशी हे आम्हाला तुमच्याआधी माहीत आहे.

महूकर_अपडाउन

@पुणेकर, भिया, इंदुरात राहून राहिलात तर फसण्यातही पहिला नंबर आमचाच हवा, हे शिकून घ्या.

पुणेकर_सध्या_इंदुरात

हाहा, मान्य. पण एक गोष्ट मनापासून. महाराष्ट्रात २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझी आई जी वर्षातून दोनदा माहेरी जायची ती आता दर महिन्याला जाते. भाडं कमी झालं की माणसं कुठे-कुठे जायला लागतात, हे घरात बघितलंय. गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या, त्यामुळे ती उभी राहून जाते, ही दुसरी बाजू.

मिलवाल्याचा_मुलगा

वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. परदेशीपुऱ्यात घर. पहाटे भोंगा झाला की गल्लीतून सायकलींचा लोंढा निघायचा. मालवा मिल, कल्याण, राजकुमार, स्वदेशी... सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून दिवसभर हा लोंढा येत-जात राहायचा. शहरात कुणी "सायकल संस्कृती" असा शब्द उच्चारला नव्हता, पण रस्ता सायकलींचाच होता. वडिलांच्या सायकलला डबा बांधायची कडी होती, ती मी अजून ठेवली आहे.

१९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली. देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. ४८०० च्या वर कामगार, २२४ कोटी. कित्येकांच्या विधवांनी घेतली. बाबा नव्हते.

मिल बंद पडल्यावर कामं लांब गेली. सांवेर रोड, पीथमपूर. सायकलने पीथमपूर होत नाही. मोठ्या भावाने कारखान्याच्या गाडीची वाट बघत, टेम्पोत बसत, शेवटी कर्ज काढून मोपेड घेतली. गाडी हौसेने घेतली असं लोक म्हणतात. आमच्या घरी पहिली गाडी हौसेने नाही आली, काम लांब गेलं म्हणून आली.

एबी रोडवर सायकलची पट्टी आखली होती, आठवते कुणाला? तिच्यावर गाड्या उभ्या राहायच्या. मी एकदा त्या पट्टीवरून जायचा प्रयत्न केला, पाणीपुरीच्या गाड्याला वळसा घालून परत रस्त्यात आलो. गाडेवाल्याची चूक नाही. त्यालाही जागा कुणी दिली नव्हती.

जुनी_कागदपत्रं

सांवेर रोडपर्यंत चर्चा आली आहे तर शंभर वर्षं मागे नेतो. धाग्याला सोडून वाटेल, पण नाही.

तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश गृहस्थ इंदुरात आला होता. मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१८ मध्ये त्याने होळकर दरबाराला नगररचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला. तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती. गेडीसने दिवाळीच्या मिरवणुकीचा वेगळाच बेत केला. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, जो रस्ता लोक सर्वांत स्वच्छ करतील, घरांची डागडुजी करतील, त्या रस्त्याने जाईल, असं जाहीर केलं. लोकांनी हौसेने गल्ल्या झाडल्या. मिरवणुकीत कचऱ्याचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर, आणि शेवटी त्यांचं दहन. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे आणि हार घालून त्याच मिरवणुकीत चालले.

आजच्या स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचं मूळ लोक २०१७ मध्ये शोधतात, मला ते या मिरवणुकीत दिसतं. आणि या धाग्याशी संबंध असा, की गेडीस जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढायच्या विरुद्ध होता. आहे त्या गल्ल्यांमधून चालायची वाट मोकळी करा, जिथे अगदीच गरज आहे तिथेच एखादी भिंत काढा, असं त्याचं म्हणणं. राजवाड्याभोवती गाड्यांसाठी किती पाडलं आणि चालणाऱ्यासाठी किती केलं, ते मोजून बघा एकदा.

सुपरकॉरिडॉरवासी

सगळे मेट्रोला टाळून का बोलताहात? मी रोज तिच्या खाली राहतो. ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पाच स्टेशनं, साधारण सहा किलोमीटर. पहिला आठवडा फुकट होता तेव्हा अख्खं इंदूर सेल्फी काढायला आलं, नंतर डब्यात मी आणि सुरक्षारक्षक. माझ्या मेहुण्याने तिला "हवाई झुला" नाव ठेवलंय.

तरीही मी तिची बाजू घेतो. स्टेशनांना अहिल्यादेवी, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई यांची नावं दिली आहेत. पण नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथे लिफ्ट आहे, उजेड आहे, स्वच्छ प्रसाधनगृह आहे. माझी चाकाच्या खुर्चीतली बहीण आयुष्यात पहिल्यांदा एकटी कुठे गेली असेल तर ती मेट्रोने. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली आणि परत आली. तिला कुठेच जायचं नव्हतं. "मला बघायचं होतं, जमतं का."

मेट्रोचा शहराभोवतीचा पूर्ण वर्तुळमार्ग झाला तर चित्र बदलेल. २०१८ मध्ये केंद्राने ३१.५५ किलोमीटरला ७५०० कोटींची मंजुरी दिली होती, त्यानंतर कुठे जमिनीखालून न्यायची आणि कुठे वरून, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं.

बसचा_हिशोब

तुमच्या बहिणीचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, मेट्रोवाल्यांना स्वतःला तो इतक्या चांगल्या शब्दांत मांडता येत नाही.

पण मेट्रोला माणसं आणून देणार कोण? स्टेशनापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर बस, ई-रिक्षा आणि पाय यांच्यावरच आहे. तो सुधारला नाही तर बहिणीला लिफ्टपर्यंत पोचवायला तुम्हालाच गाडी काढावी लागेल. तुम्ही काढलीत ना त्या दिवशी?

सुपरकॉरिडॉरवासी

काढली. स्टेशनापर्यंत सहाशे मीटर. फुटपाथ सुरू होतो, मग एकदम संपतो, पुढे विजेचा डबा.

एबी_रोडचा_रहिवासी

फुटपाथवर मी तुमच्या सगळ्यांबरोबर आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात, जगण्याच्या हक्कात येतो. आता विजेचा डबा कुठल्या कलमात बसतो ते विचारावं लागेल.

स्वच्छ_हवा

इथे "स्वच्छ" हा शब्द फक्त कचऱ्यासाठी आला. धुराबद्दल थोडं. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे कचरा डेपोवर, फेब्रुवारी २०२२ पासून गोबरधन प्रकल्प आहे: दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. आपल्या घरातल्या दुधीच्या सालीवर सिटी बस चालते, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. हवेच्या सर्वेक्षणातही २०२३ आणि २०२५ मध्ये इंदूर दहा लाखांवरच्या शहरांत पहिलं आलं.

म्हणून मला वाटतं सगळं इलेक्ट्रिक आणि बायो-सीएनजी केलं की प्रश्न सुटला. गाड्या वाईट नाहीत, इंधन वाईट आहे.

मिलवाल्याचा_मुलगा

भाऊ, इलेक्ट्रिक गाडी पाणीपुरीवाल्याच्या जागेवर उभी राहिली तर ती कमी जागा खाते का? पाच मीटर बाय अडीच मीटर, तीही तेवढीच खाते. आणि रस्त्यावरची धूळ टायरने उडते, तिला पेट्रोल-बॅटरीचा फरक कळत नाही.

स्वच्छ_हवा

धुळीचं खरं आहे. जागेचा विचार मी केला नव्हता. छप्पन दुकान या खाऊगल्लीचं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे खरं तर. गाड्या आत येत नाहीत, आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

रात्रपाळी

एका खासगी रुग्णालयात नर्स आहे, नाव सांगत नाही. दुपारची पाळी रात्री नऊला संपते, हातात रुग्ण असला की साडेनऊ-दहा. त्या वेळी माझ्या मार्गाला बस नसते. ॲपवरची रिक्षा रात्री दुप्पट सांगते. तीन जणी मिळून करतो, पण तिघींची घरं तीन दिशांना. जी शेवटी उतरते ती उरलेल्या दोघींना फोनवर लोकेशन पाठवत राहते. ती शेवटची बहुतेक मीच.

मला दिवसाच्या, बायकांसाठीच्या गुलाबी बसचं कौतुक आहे, चालवणारीही बाई, बरं वाटतं बघून. पण दुपारी दोनला मला भीती वाटत नाही. रात्री दहाला थांब्यापासून घरापर्यंत जी पाच मिनिटं चालावं लागतं तिथे वाटते. तिथे दोन दिवे बंद आहेत. बस आली आणि दिवे नसले तरी मी बसने येणार नाही, दिवे असले आणि बस नसली तरी नाही. दोन्ही खात्यांचे साहेब वेगळे, हे मला एका साहेबांनीच समजावून सांगितलं.

माझी एक मैत्रीण बढतीला नाही म्हणाली, कारण तिकडे फिरत्या पाळ्या होत्या. हे कुठल्या वाहतूक आराखड्यात येतं का?

राजेंद्रनगरकरीण

येत नाही. माझ्या पानावर येईल. तुमचं वाक्य जसंच्या तसं घेऊ का?

रात्रपाळी

घ्या. नाव नको.

धागा_राखणदार

दोन प्रतिसाद काढले आहेत. बीआरटीएस कुठल्या पक्षाने आणली आणि कुठल्या पक्षाने काढली यासाठी राजकारणाचा कट्टा वेगळा आहे.

एबी_रोडचा_रहिवासी

माझाच एक होता. बरं केलंत.

आईच्या डायलिसिसचं लिहून गेलो तेव्हापासून डोक्यात आहे. आठवड्यातून तीन दिवस मी तिला नेतो. तिथे बाकावर बसलेल्यांतले निम्मे लोक बसने, रिक्षाने येतात. चार तास यंत्रावर, मग थांब्यावर उभं राहायचं. एक गृहस्थ बेटम्याहून येतात. मी त्यांना दोनदा गंगवाल बसस्टँडपर्यंत सोडलं आणि स्वतःवर खूश झालो. ते आठवड्यातून तीनदा येतात, वर्षानुवर्षं. मी दोनदा.

मार्गिका काढल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण रेलिंग निघालेल्या जागेत काय येणार, हे ठरवताना थांब्यावरच्या कुणालाच विचारलं नाही, हे खरं आहे. मलाही कुणी विचारलं नाही, पण माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण मिळालं ते मला हवं तेच होतं. आता एलआयजी ते नवलखा उड्डाणरस्त्याची चर्चा परत सुरू आहे. पुलावर बसचा थांबा नसतो.

पुणेकर_सध्या_इंदुरात

रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मी पहिल्यांदा राजवाड्यावर गेलो तेव्हा वाटलं, या शहराला रस्त्यावर पायी यायला आवडतं. बाकीचे ३६४ दिवस काय होतं कळत नाही.

महूकर_अपडाउन

३६४ दिवस सराफ्यात खायला येतात, स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावून.

राजेंद्रनगरकरीण

प्लास्टर निघालं. स्कूटर चालवता येते, डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्यातले तीन दिवस बसनेच जाते आहे. त्यात मोठेपणा काही नाही. मावशी आणि मी आता थांब्यावर गप्पा मारतो, आणि त्यांना कुठली बस कधी खरोखर येते ते तोंडपाठ आहे, कुठल्याही ॲपपेक्षा अचूक.

मावशींचा हिशोब लिहून घेतला. चार घरं, तीन वेगवेगळ्या वसाहतींत. थांब्यावरची वाट बघणं आणि चालणं धरून दिवसाचे पावणेतीन तास. वाट बघायला न लागती तर पाचवं घर घेतलं असतं, म्हणाल्या. म्हणजे उशिरा येणारी बस त्यांच्याकडून महिन्याला एका घराचा पगार घेते. तिकिटावर तो छापलेला नसतो.

@बसचा_हिशोब, तुमचं ऐकून "बस वाढवा" खोडलं. आमच्या कोपऱ्यापासून भंवरकुआंपर्यंत सकाळी सहा ते रात्री अकरा, दहा मिनिटांनी एक, असं लिहिलं. किलोमीटर तुम्ही मोजून द्या.

@महूकर, लोकलचा मुद्दा घेतला, तुकोजीरावांसकट.

रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण थांब्यावर जमतोय. फुटपाथची रुंदी, पायरीची उंची, दिवे, विजेचे डबे, सगळं टेपने मोजायचं. ज्यांना यायचंय त्यांनी या, पोहे माझ्याकडे.

नातवाची_आजी

पायरी मोजणार असाल तर मी येते. नातू आणून सोडेल.

बसचा_हिशोब

@आजी, याच. लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून ४०० मिलिमीटर असतो, साध्या बसचा ९०० च्या घरात. मधला फरक तुमच्या गुडघ्याला सगळ्यात आधी कळतो. फुटपाथच थोडा उंच करून थांबा बांधला तर पायरी आणखी कमी होते, आणि त्याला मेट्रोइतका खर्च नाही, सिमेंट लागतं.

राजेंद्रनगरकरीण

रविवारचा वृत्तांत, घाईत. अकरा जण आलो. थांब्यामागचा फुटपाथ एका ठिकाणी दोन मीटर दहा, आणि बारा पावलांवर पंचेचाळीस सेंटीमीटर, मध्ये झाड आणि जाहिरातीचा खांब. झाड राहू द्या असं सर्वानुमते ठरलं, खांबाबद्दल एकमत व्हायला काहीच वेळ लागला नाही. दोन दिवे बंद. आजी एका बसमध्ये चढल्या, एकीला "नको" म्हणाल्या, दोन्हींच्या पायऱ्या लिहून घेतल्या. एबी रोडचे काका आईला सोडून थेट आले आणि खाली बसून माप त्यांनीच घेतलं.

पुढच्या रविवारी रात्रपाळीताईंच्या थांब्यावर, पण रात्री दहाला. त्यांनी हो म्हटलंय.

महूकर_अपडाउन

टेप माझी आहे. पोह्यांच्या गडबडीत तुमच्याकडेच राहिली. रात्री दहाला येताना आणा, आणि मला परतीला महूची गाडी नाही, कुणी तरी सोडा.